लाकडी प्रोपेलर कापावा की घासावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण अर्धवट बांधलेले दोन आसनी विमान विकत घेऊन पूर्ण केले. त्याला १८३५ सीसीचे फोक्सवागन इंजिन थेट जोडणीने बसवलेले आहे आणि आधीच्या मालकाने दुसऱ्या एका वेगवान विमानावरून काढलेला ५४ इंच व्यासाचा, ४६ इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पाते स्क्रूसारखे जेवढे पुढे सरकले असते ते अंतर) लाकडी प्रोपेलर त्यासोबत मिळाला. विमान जागेवर दोराने बांधून ठेवून पूर्ण थ्रॉटल दिल्यावर मिनिटाला २६०० फेरे मिळतात, सरळ उड्डाणात पूर्ण थ्रॉटलवर २९५० फेरे आणि ताशी ११० मैल वेग मिळतो, विमान चढायला आळशी आहे आणि सिलिंडर हेड तापतात. इंजिन ज्याने तयार केले त्याने ६० अश्वशक्तीचा आकडा ३२०० फेऱ्यांना दिलेला आहे. तेव्हा प्रत्येक पात्याच्या टोकाचा एक इंच करवतीने कापला तर काम होईल का, की मागची धार घासावी, की नवा प्रोपेलर घ्यावा, असे आपण विचारले आहे.

मी ओहायोत राहतो आणि घरगुती विमानांसाठी लाकडी प्रोपेलर कोरण्याचे व दुरुस्त करण्याचे काम बरीच वर्षे करत आलो आहे. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना ते तपासून पाहता येईल. आपल्या प्रोपेलरचा व्यास कमी करू नये. पिच थोडा कमी करता येईल, आणि तेवढ्याने भागले नाही तर नवा प्रोपेलर घ्यावा. मात्र यातले काहीही करण्यापूर्वी इंजिन आणि मोजमाप या दोन्हींची खात्री करावी लागेल, कारण लाकूड काढता येते, परत लावता येत नाही.

ठरावीक पिचचा प्रोपेलर इंजिनाला लावलेला ब्रेकच असतो. इंजिन दुबळे असले तरी फेरे कमी येतात आणि प्रोपेलर जड, म्हणजे इंजिनावर जास्त भार टाकणारा, असला तरी कमीच येतात, आणि फेऱ्यांचा काटा या दोहोंतला फरक सांगत नाही. माझ्याकडे घासून देण्यासाठी येणाऱ्या प्रोपेलरांपैकी बऱ्याच जणांचा दोष प्रोपेलरमध्ये नसतोच. कोणाच्या कार्ब्युरेटरचा थ्रॉटल लिव्हर कॉकपिटमधली मूठ शेवटपर्यंत ढकलली तरी आपल्या थांब्याला टेकत नाही, कोणाचे इग्निशन टायमिंग मागे असते, कोणाच्या एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन बसलेले असते. अशा इंजिनासाठी प्रोपेलर हलका करून दिला आणि पुढे कोणी इंजिन नीट केले, तर तेच इंजिन सरळ उड्डाणात मर्यादेपलीकडे फिरू लागते. म्हणून आधी कव्हर उघडून एका माणसाला थ्रॉटल पूर्ण ढकलायला सांगा आणि लिव्हर थांब्याला टेकतो का ते डोळ्यांनी पाहा. कॉम्प्रेशन मोजा, टायमिंग तपासा, पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण किती श्रीमंत आहे, म्हणजे त्यात इंधनाचे प्रमाण किती जास्त आहे, ते स्पार्क प्लगच्या रंगावरून पाहा.

त्याच वेळी टॅकोमीटर, म्हणजे फेरे दाखवणारा काटाही तपासा. स्वस्त टॅकोमीटर १०० फेऱ्यांनी चुकलेला असणे मला नवे नाही. दिवसाच्या उजेडात चालणारा, हातात धरायचा ऑप्टिकल टॅकोमीटर आता महाग राहिलेला नाही, तो कॉकपिटमधून प्रोपेलरकडे धरून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. बांधून ठेवलेल्या विमानाची चाचणी घेताना वारा आडवा असावा, कारण समोरचा वारा फेरे वाढवतो आणि मागचा वारा प्रोपेलरला धडपडायला लावतो. इंजिन पूर्ण तापलेले असावे.

इथे बरेच जण उंचीचे कारण पुढे करतात. धावपट्टी समुद्रसपाटीपासून ५००० फुटांवर असेल तर इंजिनाची शक्ती सुमारे १६ टक्क्यांनी घटते हे खरे आहे, पण हवा विरळ झाल्यामुळे प्रोपेलरला फिरवायला लागणारी शक्तीही जवळपास तेवढीच घटते. त्यामुळे जागेवरचे फेरे फार तर एखाद्या टक्क्याने, म्हणजे आपल्या बाबतीत २५-३० फेऱ्यांनी उतरतात. ६०० फेऱ्यांची तूट उंचीच्या नावावर घालता येणार नाही.

समजा, इंजिन निरोगी निघाले आणि टॅकोमीटर खरा बोलतो आहे. आता दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. जागेवरचे फेरे कमी असणे हा एकटा पुरावा पुरेसा नसतो. जास्त पिचचे पाते विमान उभे असताना हवेला फार मोठ्या कोनाने भिडते, अर्धे स्टॉल झालेले असते, म्हणजे हवा त्याच्या पाठीवरून सुटलेली असते, आणि नुसतेच ओढ खाते. वेगवान विमानावर असा प्रोपेलर जागेवर २६००-२७०० फेरे देतो आणि हवेत मोकळा होऊन ३२०० वर जातो, त्यात बिघाड काही नसतो. आपल्याकडे मात्र तो हवेतही मोकळा होत नाही. ४६ इंच पिच म्हणजे पाते हवेत स्क्रूसारखे शिरले असते तर एका फेऱ्यात ४६ इंच पुढे गेले असते. २९५० फेऱ्यांना त्याचा हिशेब ताशी साधारण १२८ मैल होतो. आपला वेग ११०, म्हणजे घसर (हिशेबाच्या वेगापेक्षा खरा वेग जेवढा कमी पडतो ती तूट) सुमारे १४ टक्के, आणि ती अगदी नेहमीच्या मर्यादेतली आहे. याचा अर्थ प्रोपेलर आपले काम व्यवस्थित करतो आहे, फक्त तो ज्या वेगासाठी कोरलेला आहे तो वेग आपले विमान गाठू शकत नाही.

हाच हिशेब उलटा केला की आपल्याला कोणता पिच हवा ते कळते. इंजिन ३२०० फेरे फिरले तर शक्ती सुमारे ८ टक्क्यांनी वाढेल, पण सरळ उड्डाणातला वेग शक्तीच्या घनमुळाने वाढतो, म्हणून ताशी ११३ मैलांच्या आसपासच जाईल. त्या वेगाला, त्या फेऱ्यांना आणि तेवढ्याच घसरीला लागणारा पिच ४३ ते ४४ इंचांच्या मध्ये येतो. म्हणजे आपला प्रोपेलर अडीच इंचांनी जड आहे. चढाई का मंद आहे हेही यातूनच उलगडते. पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, या पट्ट्यात फारसा बदलत नाही, तेव्हा २६०० फेऱ्यांना ६० पैकी जेमतेम ४९ अश्वशक्ती हाती लागतात. कमी फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटलने रेटलेले फोक्सवागन इंजिन हेड तापवणारच, आणि पुढे डिटोनेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन स्फोटासारखे पेटण्याची, भीतीही असते.

टोके कापण्याकडे सगळ्यांचा ओढा असतो, कारण ते सोपे वाटते. गणित पाहिले तर व्यासाचा परिणाम मोठाही दिसतो. संपूर्ण प्रोपेलर त्याच प्रमाणात लहान केला तर ठरावीक टॉर्कला फेरे व्यासाच्या अडीचाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतात, म्हणजे ५४ चा ५३ इंच झाल्यास जवळपास पावणेपाच टक्के. पण करवतीने टोक कापणे म्हणजे संपूर्ण प्रोपेलर लहान करणे नव्हे. टोकाजवळचे पाते अरुंद असते आणि तिथली हवा कडेवरून निसटत असल्यामुळे तो भाग तसाही पूर्ण काम करत नसतो. माझ्या कामात या आकाराच्या प्रोपेलरवर व्यासाचा एक इंच, म्हणजे प्रत्येक टोकाचा अर्धा इंच, कापल्यावर या हिशेबाच्या निम्म्याच्या आसपास फायदा दिसतो.

आणि तो फायदा कशाच्या बदल्यात मिळतो? ताशी ११० मैलांच्या विमानाला ढकल हवी असते, आणि कमी वेगाला ढकल मिळवण्याचा किफायतशीर मार्ग म्हणजे जास्त हवा हळू ढकलणे, अर्थात मोठा व्यास आणि कमी पिच. आपण व्यास कापाल तेव्हा फेरे वाढतील, टॅकोमीटर पाहून समाधान वाटेल, पण पिच तसाच जास्त राहील आणि वाढलेल्या शक्तीचा बराच भाग वाया जाईल. वेगवान, हवेचा अडथळा कमी असलेल्या विमानाच्या मालकाने हाच प्रश्न विचारला असता तर मी कदाचित टोके कापायलाच सांगितले असते. टोकांचा वेग हे व्यास कमी करण्याचे दुसरे योग्य कारण असते, पण ३२०० फेऱ्यांना आपल्या टोकाचा वेग सेकंदाला २३० मीटर, म्हणजे ध्वनिवेगाच्या दोन तृतीयांशाच्या जरा वर आहे. जाड टोकाच्या लाकडी पात्याला त्रास त्याच्या बराच पुढे सुरू होतो. तिसरे कारण जमिनीपासूनचे अंतर. पुढे चाक असलेल्या विमानाला किमान ७ इंच आणि शेपटीला चाक असलेल्याला ९ इंच, हा अमेरिकेतील प्रमाणित छोट्या विमानांचा जुना नियम घरगुती विमानालाही पाळावा. आपण अंतर कळवलेले नाही, ते मोजून घ्या. नवा प्रोपेलर घ्यायचा झाला तर त्यावरच व्यास ठरेल.

आता पिच कमी करण्याकडे वळू. त्याआधी हा विशिष्ट प्रोपेलर हात लावण्याजोगा आहे का ते पाहावे लागेल. पुढच्या धारेवर पितळी किंवा स्टीलचा पत्रा रिव्हेट व स्क्रूंनी बसवलेला असेल तर घरी काही करू नका, तो बनवणाऱ्याकडे पाठवा. हबमध्ये (प्रोपेलरच्या मधल्या जाड भागात), बोल्टच्या भोकांजवळ किंवा पात्याच्या मुळाशी चीर असेल, थरांमधली डिंकाची रेघ कुठे उघडी पडली असेल, तर सुधारणेचा विषयच संपतो, तो भिंतीवर लावण्याजोगा राहतो. आणि त्यावर प्रमाणित प्रोपेलरचा शिक्का असेल तर आपण त्यावर हत्यार चालवल्या क्षणी ते प्रमाणपत्र निरर्थक होते. घरगुती विमानावर तो वापरता येईल, पण पुढे प्रमाणित विमानाच्या मालकाला विकता येणार नाही. एक गोष्ट स्पष्ट लिहितो: हे सगळे लाकडाबद्दलच आहे. लाकूड कंपन आपल्यातच जिरवते, म्हणून त्याच्या आकारातले छोटे बदल खपून जातात. धातूच्या प्रोपेलरची लांबी बदलली की त्याची कंपनाची वारंवारता सरकते, आणि ती इंजिनाच्या ठोक्यांशी जुळली तर पाते तुटून जाऊ शकते. धातूच्या प्रोपेलरवर घरी काहीही करू नये.

मोजमापासाठी सपाट टेबल, हबच्या भोकात घट्ट बसणारा उभा दांडा आणि ०.१ अंश दाखवणारा डिजिटल कोनमापक एवढे पुरते. टेबल पाणसळ लावून समतल करा. प्रोपेलर सपाट बाजू वर करून दांड्यावर बसवा आणि मध्यापासून १२, १५, १८, २१ आणि २४ इंचांवर पेन्सिलने आडव्या खुणा करा. प्रत्येक खुणेवर सपाट बाजूचा कोन मोजून दोन्ही पात्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. आपल्या प्रोपेलरवर त्रिज्येच्या तीन चतुर्थांशाला, म्हणजे मध्यापासून सव्वावीस इंचांवर, ४६ इंच पिचचा कोन १९.९ अंश यायला हवा. पिच म्हणजे २ × π × त्रिज्या × कोनाचा टॅन्जंट. याच सूत्राने प्रत्येक खुणेचा पिच काढता येतो.

हे करताना दोन गोष्टी हमखास कळतात. पहिली, शिक्क्यावरचा पिच आणि मोजलेला पिच नेहमी जुळत नाहीत, कारण काही कारागीर सपाट बाजूवरून मोजतात आणि काही पात्याच्या शून्य उचलीच्या रेषेवरून, म्हणजे ज्या दिशेने हवा आली तर पात्याला उचल मिळत नाही त्या रेषेवरून. म्हणून एका कारागिराच्या ४६ ची दुसऱ्याच्या ४४ शी तुलना करू नये. दुसरी, दोन पात्यांत अर्ध्या अंशाचा फरक सापडणे जुन्या प्रोपेलरमध्ये फारसे दुर्मीळ नाही. तसा फरक असेल तर काम निम्मे सोपे झाले, कारण आधी जास्त कोनाचे पाते कमी कोनाच्या पात्याशी जुळवायचे. तेवढ्याने काही फेरे वाढतात आणि ज्या थरथरीला मालक इतके दिवस इंजिनाचा स्वभाव समजत होता ती बऱ्याचदा नाहीशी होते.

आता खरे काम. सव्वावीस इंचांवर पिचचा एक इंच म्हणजे केवळ ०.४ अंश. तिथे पात्याची रुंदी ९० मिलिमीटर धरली तर मागच्या धारेपाशी काढायचे लाकूड जेमतेम ०.६ मिलिमीटर भरते. आपल्याला लागणारे अडीच इंच म्हणजे एक अंश, अर्थात मागच्या धारेवर १.६ मिलिमीटर. बहुतेक लाकडी पात्यांची मागची धार मुळातच दोन-तीन मिलिमीटर जाड असते, तेव्हा एका दमात अडीच इंच काढले तर धारेला काही उरणार नाही. आपण माझ्यासमोर असता तर मी दीड इंचावर थांबवले असते. त्यासाठी कोन ०.६ अंशाने कमी करायचा आणि धारेवर ०.९ ते १ मिलिमीटर लाकूड काढायचे.

हे लाकूड सपाट बाजूने, म्हणजे वैमानिकाकडे तोंड असलेल्या बाजूने काढायचे. पुढच्या धारेपाशी शून्य आणि मागच्या धारेकडे वाढत जाणारे, अशी चपटी पाचर निघाली पाहिजे. फुगीर बाजूला हात लावू नये. त्या वळणातूनच उचल मिळते आणि ते बिघडले की परत साधत नाही. पात्याच्या आतल्या तिसऱ्या भागालाही हात लावू नये. तिथे वाकवणारा ताण सर्वांत जास्त असतो आणि तिथे लाकूड काढून पिचमध्ये फारसा फरकही पडत नाही. बाहेरच्या निम्म्या भागात पूर्ण बदल करावा आणि आत येताना तो हळूहळू शून्यावर आणावा.

मी आधी जुने व्हार्निश खरवडून काढतो, सपाट बाजूवर पेन्सिलच्या तिरप्या रेघा मारतो आणि सुतारी स्क्रॅपरने, नंतर लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासत जातो. रेघा मागच्या धारेकडून पुसल्या जाऊ लागल्या आणि पुढच्या धारेजवळच्या अखेरपर्यंत शिल्लक राहिल्या की पाचर बरोबर उतरते आहे असे समजावे. ठोकळा पात्याच्या रुंदीपेक्षा लांब असावा, नाहीतर मध्ये खळगा पडतो. रंधा वापरायचा मोह टाळा. बर्च किंवा मेपलच्या पात्यात लाकडाचा रेषा (तंतू) मागच्या धारेकडे तिरपा बाहेर निघत असतो, रंधा तिथे अडकला की तुकडा उडतो. विजेवर फिरणारा सँडर तर या कामाला वैरीच आहे, दहा सेकंदांत तो एक इंच पिच खातो आणि दुसऱ्या पात्यावर तेवढाच खाईल याची खात्री नसते. प्रत्येक पात्यावर थोडे काढा, मोजा, दुसऱ्यावर तेवढेच काढा, पुन्हा मोजा. दोन्ही पात्यांच्या प्रत्येक खुणेवर ०.१ ते ०.२ अंशांच्या आत मेळ बसला पाहिजे. ०.१ अंश म्हणजे पाव इंच पिच, हे लक्षात ठेवले की हा हट्ट कशासाठी ते समजते.

मागची धार दीड मिलिमीटरपेक्षा पातळ होऊ लागली तर तिथेच थांबावे. कागदासारखी पातळ धार पावसाच्या थेंबांनी आणि वाळूने तुटते, आणि टोकाजवळ पाते पातळ झाले तर ते जोर आल्यावर पिळवटते, म्हणजे टेबलावर मोजलेला कोन हवेत राहतच नाही. फार पातळ टोक फडफडू लागण्याचीही भीती असते. सुधारणा करून घेतलेल्या प्रोपेलरांपैकी जे माझ्याकडे परत येतात त्यांत हाच दोष सर्वांत जास्त दिसतो.

टोकाला इजा झालेली असल्यामुळे ते कापणे भागच असेल, तर दोन्ही टोके सारखी कापावीत, आधी हबच्या मध्यापासून अंतर मोजून. आणि कापलेले टोक त्याच दिवशी बंद करावे. लाकूड रेषांच्या टोकातून पाणी सर्वांत वेगाने पिते, म्हणून तिथे पातळ केलेल्या इपॉक्सीचे दोन-तीन हात मुरवून मग व्हार्निश द्यावे. आधी टोकावर फायबरग्लासची किंवा कापडाची पट्टी असेल तर ती पुन्हा बसवावी लागेल. राइट बंधूंनी १९०३ च्या विमानाचे साडेआठ फुटी प्रोपेलर स्प्रूसच्या तीन थरांतून कोरले होते, आणि त्यांनीही टोकांवर कापड चिकटवले होते.

तोल साधण्याचे काम घाईने करू नका. ३२०० फेऱ्यांना आपल्या प्रोपेलरच्या टोकावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७८०० पट जोर असतो. एका टोकाला एक ग्रॅम जास्त राहिला तर तो जवळपास आठ किलोच्या ओढीने प्रत्येक फेऱ्यात इंजिनाला हिसका देतो. प्रोपेलर गुळगुळीत दांड्यावर बसवून दांडा दोन समतल धारांवर ठेवायचा. आधी आडवा तोल पाहायचा, म्हणजे कोणते पाते खाली जाते. मग प्रोपेलर उभा धरून तो डावीकडे की उजवीकडे झुकतो ते पाहायचे. दुसरी पायरी बरेच जण गाळतात, आणि हबच्या एका बाजूचे लाकूड जास्त घट्ट असल्यामुळे येणारी थरथर मग कुठून येते ते त्यांना कळत नाही. पहिला तोल कच्च्या लाकडावर साधावा, पण शेवटचा तोल व्हार्निश पूर्ण वाळल्यावरच, हलक्या पात्याच्या टोकाकडे व्हार्निशचा जास्तीचा हात देऊन. व्हार्निश वाळताना वजन घटते, म्हणून ओला असताना साधलेला तोल दुसऱ्या दिवशी राहत नाही.

लाकडाची ओल हा सगळ्यांत दुर्लक्षित विषय आहे. कोकणातल्या घरांची दारे पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकतात आणि उन्हाळ्यात सैल होतात, तसाच हबही फुगतो आणि आक्रसतो. प्रोपेलर उभा ठेवून विमान महिनाभर पडून राहिले तर ओल खालच्या पात्याकडे उतरते आणि तोल बिघडतो, म्हणून विमान उभे करताना प्रोपेलर नेहमी आडवा ठेवावा. इंजिन प्रोपेलरला फिरवते ते प्रामुख्याने फ्लँज (इंजिनाची ज्या तबकडीवर प्रोपेलर बोल्टने बसतो ती) आणि लाकूड यांच्यातल्या घर्षणाने, नुसत्या बोल्टनी नव्हे. हब आक्रसला, बोल्ट सैल पडले की लाकूड फ्लँजवर सूक्ष्म सरकू लागते आणि जळते. असा प्रोपेलर काढला की फ्लँजच्या जागी तपकिरी ते काळ्या रंगाचे कडे दिसते आणि लाकूड करपल्याचा वास येतो. असे कडे दिसले की तो प्रोपेलर पुन्हा लावू नका.

परत बसवताना बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे, प्रोपेलर बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापर्यंत टॉर्क रेंचने आवळावेत. आकडा माहीत नसेल तर बनवणाऱ्याला विचारावा, अंदाजाने जास्त आवळला तर लाकूड चिरडते. बोल्टचा दाब लाकडावर पसरवणारी समोरची दाबपट्टी कधीही गाळू नये. मग विमान हलणार नाही असे अडकवून, इग्निशन बंद करून, प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढून प्रोपेलर हाताने फिरवा आणि दोन्ही टोके एकाच ठिकाणाहून जातात का ते जवळ ठेवलेल्या ठोकळ्याने पाहा. लाकडी प्रोपेलरला ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर आधी फ्लँज आणि हबचा पृष्ठभाग तपासावा.

पहिल्या चाचणीच्या वेळी कोणीही प्रोपेलरच्या फिरण्याच्या पातळीत उभे राहू नये, शेपटी खांबाला बांधलेली असावी. इंजिन बंद झाल्यावर बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासावा. पहिल्या उड्डाणानंतर पुन्हा, २५ तासांनी पुन्हा, पुढे साधारण ५० तासांनी आणि प्रत्येक ऋतू बदलताना. दीड इंच पिच काढल्यावर जागेवर फार तर ५०-६० फेरे वाढलेले दिसतील आणि आपला विरस होईल. तो होऊ देऊ नका. उभ्या विमानावर पाते अर्धे स्टॉल असल्यामुळे पिचचा फरक तिथे कमीच दिसतो, उड्डाणात तो शंभराच्या आसपास असावा. सरळ उड्डाणात फेरे ३०५० च्या पुढे गेले नाहीत आणि मागच्या धारेला अजून अंग शिल्लक असेल, तर आणखी अर्धा इंच काढता येईल. ३१०० ला मी थांबेन. शेवटच्या शंभर फेऱ्यांसाठी लाकूड पणाला लावण्याइतका त्यात लाभ नाही, शिवाय थोडे नाक खाली घातले की फेरे आपोआप चढतात, त्याला जागा लागते.

कागदपत्रांबद्दल एवढेच सांगतो. अमेरिकेत घरगुती विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्समध्ये (विमान उडवण्याच्या लेखी अटींमध्ये) मोठ्या बदलानंतर विमान पुन्हा चाचणी क्षेत्रात किमान पाच तास उडवण्याची अट बहुतेक वेळा असते. आपला बदल मोठ्यात मोडतो का ते त्या कागदातले शब्द वाचून, शंका असल्यास एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या स्थानिक कार्यालयात विचारून ठरवावे, आणि दोन्ही पात्यांच्या आधीच्या व नंतरच्या कोनांचा तक्ता लॉगबुकात लावावा. भारतात हे इतके सरळ नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाला नोंदणी मिळायला २०१७ साल उजाडले. तिथे असा बदल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मान्यतेशिवाय करू नये.

एवढे करूनही चढाई समाधानकारक वाटली नाही, तर या प्रोपेलरकडून आणखी अपेक्षा करू नये. तो राखीव म्हणून कोरड्या जागी आडवा ठेवा आणि जमिनीपासूनचे अंतर परवानगी देत असेल तर ५६ इंच व्यासाचा, ४० च्या आसपास पिचचा नवा प्रोपेलर मागवा. मागवताना बनवणाऱ्याला वजन, इंजिनाचे फेरे, मोजलेला खरा वेग आणि या प्रोपेलरवर मिळालेले जागेवरचे व उड्डाणातले दोन्ही फेरे कळवावेत. शिक्क्यावरच्या आकड्यांपेक्षा या माहितीवरून त्याला आपले विमान जास्त कळेल.